भिंती बघत फिरणं: वाट चुकल्यावर भेटलेली चित्रं

पायपीट (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात वांद्र्याला एकाकडे काम होतं. वेळ अकराची ठरलेली, साहेब उगवले एक वाजता. मधल्या दोन तासांचं काय करायचं म्हणून हिल रोडवरून आत शिरलो आणि भटकत चॅपल रोडला लागलो. दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागं जावंच लागतं, असा हा रस्ता. लाकडी जिन्यांची जुनी घरं, कोपऱ्यावर क्रूस, क्रूसाला झेंडूची माळ. एका वळणावर मान वर केली आणि समोर अनारकली! १९५३ सालच्या सिनेमाचं जुनं पोस्टर असावं तसं, पण अख्ख्या भिंतीवर. तिच्या पदराखाली एक माणूस स्कूटरचा प्लग साफ करत बसला होता आणि बाजूच्या खिडकीत सुके बोंबील वाळत होते.

त्याला विचारलं, हे कधी काढलं? म्हणाला, "झाली बरीच वर्षं. आधी लोक यायचे फोटो काढायला. आता तुमच्यासारखे चुकलेलेच येतात."

घरी येऊन शोधलं. चित्रकार रणजित दहिया, २०१२ च्या सुमारास त्यांनी सुरू केलेल्या 'बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट'मधलं हे काम. दहिया मूळचे हरियाणातल्या सोनीपतकडचे. सुरुवात भिंतींना चुना मारण्यापासून, पुढे थेट एनआयडी, म्हणजे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था. वांद्रे रेक्लमेशनच्या एमटीएनएल इमारतीवरचे दादासाहेब फाळकेही त्यांचेच, २०१४ चे. चित्र साधारण १२० फूट बाय १५० फूट आहे. त्या इमारतीसमोरून मी टॅक्सीनं निदान पन्नास वेळा गेलो असेन आणि प्रत्येक वेळी मला ती कसली तरी जाहिरात वाटली होती! आपल्या त्र्यंबकेश्वरचा माणूस एवढा मोठा होऊन उभा आणि मी आपला मीटरकडे बघतोय.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय की मुद्दाम बघायला गेलेलं चित्र वेगळं आणि पायाखाली आलेलं वेगळं. म्हणून हा धागा. तुम्हाला अशी कुठली भिंत भेटली? नकाशावरचा ठिपका देऊ नका. काय चुकलं म्हणून तिथं पोचलात आणि भिंतीखाली काय चाललं होतं, ते लिहा.

कसबेकर

पहिला नंबर! आम्हाला भिंती भेटायला चुकावं लागत नाही, राहतोच त्यात. पण एक सांगतो. आईला तांब्याचा बंब कल्हई-डागडुजीला द्यायचा होता म्हणून तांबट आळीत गेलो. येताना नेहमीचा बोळ खणलेला, म्हणून पलीकडून वळलो. एका वाड्याच्या बाजूच्या भिंतीवर हे भलंमोठं चित्र, माणसाचं की देवाचं ते कळेना. बालपण कसब्यात गेलं आणि या बोळात मी कधी आलोच नव्हतो. नंतर समजलं, हर्षवर्धन कदम यांच्या 'पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्ट'मध्ये कसब्यातल्या बऱ्याच भिंती रंगल्यात.

चित्राखाली एक आजोबा खुर्ची टाकून बसले होते. मी फोटो काढायला लागलो तर म्हणाले, "मी येणारे का त्यात?" म्हटलं, हो. तर उठून आत गेले आणि टोपी घालून आले.

शंकासुर

धागा छान, पण गोग्गोड चाललाय म्हणून मीठ टाकतो.

अनारकली ठीक. पण आता शहरात जिकडे बघावं तिकडे 'सुशोभीकरण'. उड्डाणपुलाच्या खांबांवर फ्लेमिंगो. पुढच्या खांबावर डबेवाला. त्याच्या पुढच्यावर पुन्हा फ्लेमिंगो, या वेळी डावीकडे तोंड करून. मधे जागा उरली की वारली. आणि चित्रापेक्षा मोठ्या अक्षरांत पुरस्कर्त्याचं नाव. खांबाखाली राहणारी माणसं हलवायची आणि त्यांच्याच जागी हसऱ्या कोळिणीचं चित्र काढायचं, याला मी तरी कला म्हणत नाही.

शिवाय जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावतात त्यातलाच हा प्रकार. लोक थुंकू नयेत म्हणून भिंत रंगवायची. हेतू पिचकारीचा आणि नाव कलेचं.

डहाणूवाली

शंकासुर, वारलीबद्दल अगदी मनातलं बोललात, फक्त राग थोडा दुसरीकडे वळवा.

आमच्याकडे हे चित्र लग्नाच्या वेळी काढायचं. कुडाची भिंत शेणामातीनं सारवून, गेरूचा हात देऊन, तांदळाच्या पिठानं, बांबूच्या काडीचं टोक ठेचून केलेल्या कुंचल्यानं. मधे लग्नचौक, चौकात पालघाट देवी. काढणाऱ्या सुवासिनी, सोबत धवलेरीची, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईची, गाणी. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे त्या चित्राला काम होतं. पिठाचं चित्र टिकावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. पुढच्या सारवणात ते जायचं आणि पुढच्या लग्नात नवं यायचं. जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर, कापडावर आणलं, रोजचं केलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले.

आता खांबावर जे काढतात त्यात चौक नाही, देवी नाही, नुसती गोल फेर धरलेली माणसं. तारपा वाजवणारा मधे असतो, पण बऱ्याचदा तारपा उलटा धरलेला. तारपा उलटा! तेवढं तरी कुणाला विचारा.

तरीही एक कबूल करते. घाटकोपरला एका नाल्याच्या भिंतीवर असाच फेर दिसला तेव्हा मी तिथं पाच मिनिटं उभी राहिले. गावाहून येऊन दोन महिने झाले होते.

पायपीट

@शंकासुर, मीठ मान्य. पण थुंकू नये म्हणून रंगवलेली भिंतही कधी हातची सुटते. तुळशी पाइप रोड आठवा. कागदोपत्री सेनापती बापट मार्ग, पण तुळशी तलावाच्या जलवाहिनीमुळे सगळे तुळशी पाइपच म्हणतात. २००९ च्या ऑगस्टमध्ये 'द वॉल प्रोजेक्ट'च्या मंडळींनी रेल्वेलगतची ती लांबलचक भिंत लोकांना खुली केली. शेकडो माणसं आपापला डबा-ब्रश घेऊन आली. सगळी चित्रकार नव्हती, काही चित्रं तर अगदीच चौथीच्या वहीतली होती. मी तेव्हा माटुंगा रोडला उतरून रोज तिथून चालायचो. भिंतीनं माझ्या चालण्याचा वेग बदलला, एवढं मी शपथेवर सांगेन. पुढे पावसानं, पिंपळानं आणि पोस्टरांनी तिचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय.

पेंटरचा पोरगा

बरेच दिवस नुसता वाचतो इथे. हा धागा बघून लॉगिन केलं, पासवर्ड आठवायला अर्धा तास गेला.

माझे बाबा बोर्ड पेंटर. दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती, गणपतीच्या मंडळाचे पडदे, सगळं. त्यामुळे मी भिंत बघतो ती चित्रासाठी नाही, काम कसं केलंय त्यासाठी.

मोठं चित्र चढवायची बाबांची पद्धत चौकटीची. छोट्या कागदावर चौकटी आखायच्या, तेवढ्याच भिंतीवर, आणि एकेक चौकट उचलायची. रेघ सरळ हवी म्हणून दोरीला निळीची पूड लावून सूत मारायचं. ताणून सोडलं की टप् आणि रेघ. तेच अक्षर पाच ठिकाणी हवं असेल तर खाका: कागदावर सुईनं भोकं पाडायची, वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. मराठी बोर्ड असेल तर आधी शिरोरेषा, मग अक्षरं तिला टांगायची. इंग्रजी अक्षरं जमिनीवर उभी असतात आणि आपली दोरीवर वाळत घातलेली असतात, असं बाबा म्हणायचे. हाताखाली काठी, काठीवर मनगट आणि खारीच्या केसांचा ब्रश. श्वास रोखून एक फराटा.

आता जी पोरं मोठ्या भिंती रंगवतात त्यांची एक युक्ती बघून मी चाट पडलो. ती चौकटी आखतच नाहीत. भिंतभर वेड्यावाकड्या खुणा करतात, कुठं आकडा, कुठं फुली, कुठं डोळा. मग भिंतीचा फोटो काढून मोबाइलवर त्याच्यावर आपलं स्केच चढवतात. कान कुठं येतो? तर त्या फुलीच्या वर. पहिल्या दिवशी बघणाऱ्याला वाटतं कुणी खुळ्यानं भिंत खराब केली. परांचीऐवजी हायड्रॉलिक पाळणा आला, पण मान तितकीच अवघडते.

रंगाचं म्हणाल तर आधी लाल जातो. कुठलंही जुनं पोस्टर बघा, निळं पडलेलं दिसेल. बाबा लालवर एक हात जास्त मारायचे आणि गिऱ्हाइकाला ते कधी सांगायचे नाहीत. दुसरा शत्रू ओल. भिंतीत मागून पाणी येत असेल तर वर कितीही भारी इमल्शन मारा, दोन पावसाळ्यांत खार फुटून पोपडे धरणारच. म्हणून चित्र बघताना मी आधी वर पन्हळ कुठं फुटलीय ते बघतो. बायको म्हणते, तुझ्याबरोबर फिरायला नको.

२००० नंतर फ्लेक्स आला आणि बाबांचं काम वर्षा-दोन वर्षांत संपलं. दिवसाला दोन बोर्ड व्हायचे तिथं महिन्याला दोन. मग त्यांनी घरं रंगवायला घेतली. त्यांच्या जातीची अक्षरं कुणी जपली असतील तर हनीफ कुरेशी यांनी. गावोगावच्या पेंटरांकडून अक्षरं लिहून घेऊन त्यांचे संगणकी टंक केले आणि टंकांना त्या त्या पेंटरचीच नावं दिली. हेच कुरेशी पुढे २०१४ मध्ये 'स्टार्ट इंडिया' ही रस्त्यावरच्या कलेची संस्था काढणाऱ्यांपैकी एक. ससून डॉक, माहीम पूर्व, दिल्लीची लोधी कॉलनी हे सगळं त्या संस्थेचं. २०२४ मध्ये गेले, वय फार नव्हतं. बाबांना ती बातमी वाचून दाखवली. म्हणाले, "पेंटर होता का?" म्हटलं, हो. मग गप्प बसले.

कसबेकर

पेंटरचा पोरगा, पासवर्ड आता कुठंतरी लिहून ठेवा. पाहिजे तर भिंतीवर.

नाखवीण

वर ससून डॉकचं नाव निघालं म्हणून लिहिते.

माझी आत्या तिथं कोळंबी सोलायला जायची. पहाटे चारला घर सोडायचं, बर्फाच्या पाण्यात हात, बोटांना चिरा. डॉक १८७५ चा, पण आमच्या घरात त्याला वय नव्हतंच, तो आपला होता. २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथल्या जुन्या गोदामांत आणि भिंतींवर ते मोठं प्रदर्शन झालं. कुलाब्यात वर्षानुवर्षं राहणारी माणसं पहिल्यांदा त्या फाटकातून आत आली. नाकाला रुमाल लावून.

मी ऑफिसच्या मैत्रिणींना घेऊन गेले होते. त्यांना सगळं 'किती रॉ' वाटत होतं. भिंतीवर कोळी बायकांचे मोठाले चेहरे. मला खरंच भरून आलं, कारण त्यातली एक आमच्या ओळखीची होती. आत्याला विचारलं, कसं वाटलं गो? ती म्हणाली, "फोटू काढून गेलं सगलं, म्हावरं कोनी नाय घेतलं."

आता याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. चित्र चांगलं होतं. आत्याही खरी होती.

शंकासुर

नाखवीण, माझ्या अख्ख्या प्रतिसादापेक्षा तुमच्या आत्याचं एक वाक्य भारी. मी बसतो खाली.

दिल्लीकर जोशी

लोधी कॉलनीबद्दल थोडं. ब्रिटिशांनी जाता जाता, १९४० च्या दशकात, सरकारी बाबूंसाठी बांधलेली ही वसाहत. दोन-दोन मजले, रुंद सपाट भिंती आणि मधोमध कमान. चित्रकाराला यापेक्षा काय हवं? खन्ना मार्केट ते मेहरचंद मार्केट या पट्ट्यात आता पन्नासहून जास्त भिंती रंगल्यात. नवीन बदली होऊन आलो तेव्हा क्वार्टरचा नंबर शोधत उन्हात फिरत होतो. ब्लॉक सगळे एकसारखे, म्हणून पत्ता विचारला. उत्तर आलं, "वो जहाँ चिड़िया बनी है, उसके पीछे." म्हणजे चित्रांचा सरकारी उपयोग सुरू झालाय.

पण मला खिळवून ठेवलं ते डाकू नावाच्या कलाकाराच्या कामानं. हा माणूस खरं नाव-चेहरा दाखवत नाही. त्याच्या या भिंतीवर रंगच नाही! भिंतीतून काटकोनात बाहेर आलेली अक्षरं, वरून ऊन पडलं की भिंतीवर सावलीचे शब्द उमटतात. कालानं काय काय बदलतं याबद्दलचे शब्द. सकाळी तिरके, मग हळूहळू सरळ, मग लांबट, आणि ऊन गेलं की भिंत कोरी. मी पहिल्यांदा संध्याकाळी गेलो होतो. मला वाटलं बांधकाम अर्धं राहिलंय. ढगाळ दिवशी गेलात तर पैसे वाया (नाहीतरी फुकटच आहे).

फिलीकर

इकडून, फिलाडेल्फियाहून. आमच्या गावात चार हजारांच्या आसपास भित्तिचित्रं आहेत. सुरुवात १९८४ ची आणि गंमत म्हणजे भिंतींवर नावं फवारणाऱ्या पोरांना आवरण्यासाठी नगरपालिकेनं काढलेल्या मोहिमेतून. जेन गोल्डन या बाईंनी त्याच पोरांना हाताशी धरलं आणि मोठ्या भिंती दिल्या. शंकासुर, म्हणजे इथंही हेतू पिचकारीचाच होता.

माझी चूक अशी: नवीन होतो, उलट्या दिशेच्या गाडीत बसलो. इथली एक रेल्वे पश्चिम भागात मार्केट स्ट्रीटवर उन्नत मार्गानं जाते, गच्च्यांच्या पातळीवर. खिडकीतून बघतो तर गच्चीच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत कुणी कुणाला काहीतरी लिहिलंय. एक गेलं की पुढच्या इमारतीवर पुढचं. प्रेमपत्र! स्टीव्ह पॉवर्स यांचं २००९ चं काम, पन्नास भिंती. ते स्वतः आधी रात्री लपून भिंती रंगवणारे, मग बोर्ड पेंटर झालेले. रस्त्यावरून त्यातलं बरंचसं दिसतच नाही, गाडीत बसलं तरच दिसतं. मी शेवटच्या स्टेशनपर्यंत गेलो आणि परत आलो.

पेंटरचा पोरगा, तुमच्या बाबांना हे फार आवडलं असतं. मध्य रेल्वेच्या मार्गालगतच्या भिंतींवर लहानपणी काय वाचायचो आठवतं? गुप्तरोग, मूळव्याध आणि 'हम दो हमारे दो'. तेही गाडीतूनच वाचायचं साहित्य.

काळाकोट

थोडा रुक्ष प्रतिसाद, पण कामाचा.

भिंत मालकाची, चित्र कुणाचं? आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये कलाकाराचे 'नैतिक हक्क' आहेत. कॉपीराइट विकून टाकला तरी हे हक्क त्याच्याकडेच राहतात. यावरचा आपल्याकडचा मोठा खटला अमरनाथ सेहगल यांचा. दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी सरकारनं १९५७ मध्ये त्यांच्याकडून कांस्याचं भित्तिशिल्प करवून घेतलं. सुमारे १४० फूट लांब, ४० फूट उंच. १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या नावाखाली ते उतरवलं आणि गोदामात टाकलं. तुकडे झाले, काही गहाळ झाले. सेहगल कोर्टात गेले आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २००५ मध्ये निकाल दिला: उरलेले तुकडे कलाकाराला परत करा आणि पाच लाख भरपाई द्या.

फिलीकरांच्या शेजारी, न्यूयॉर्कला, '५पॉइंट्झ' नावाची जुनी कारखान्याची इमारत होती, रेल्वेतून दिसणारी, वरपासून खालपर्यंत रंगवलेली. मालकानं २०१३ मध्ये एका रात्रीत पांढरा रंग फासला. २०१८ मध्ये कोर्टानं २१ कलाकारांना ६७ लाख डॉलर द्यायला लावले.

हे वाचून कुणी उद्याच डबा घेऊन निघू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या भिंतीवर काढलंत तर आपल्याकडे १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे. आणि कलम ५७ मध्येच असंही म्हटलंय की कलाकृती नुसती प्रदर्शित केली नाही म्हणून कलाकाराचा हक्क मोडत नाही. मोडतोड वेगळी आणि झाकणं वेगळं. या दोन्हींच्या मधली जागा वकिलांच्या पोटापाण्यासाठी सोडलेली आहे.

डहाणूवाली

आणि पुढच्या सारवणात जाणाऱ्या चित्राचा हक्क कुणाचा, वकीलसाहेब?

काळाकोट

तिथं कोर्टाला सुट्टी. :)

भुईमूग

आमच्या सोसायटीची गोष्ट. कंपाउंडच्या भिंतीवर पोरांनी दोन सुट्ट्या खपून समुद्र काढला होता. ऑक्टोपसला नऊ हात होते, पण होता. नवीन कमिटी आली, भिंत क्रीम रंगाची केली, वर लिहिलं 'येथे वाहने उभी करू नयेत'. आता तिथं वाहनं असतात. समुद्र होता तेव्हा कुणी गाडी लावत नव्हतं, कारण पोरं ओरडायची.

पायपीट

धागा कुठल्या कुठं गेला, मजा आली. परवा माहीम पूर्वेला मुद्दाम गेलो. मुद्दाम म्हणजे माझ्याच नियमाविरुद्ध. स्टेशनबाहेरच्या चाळींच्या, इमारतींच्या बाजू रंगलेल्या आहेत. एका मोठ्या चित्रासमोर चहावाल्यानं निळी ताडपत्री बांधलीय. त्यामुळे चित्रातल्या माणसाचं धड दिसतं, डोकं दिसतं, मधला गळा ताडपत्रीचा. त्याला म्हटलं, अहो, चित्र झाकलं जातंय. तो म्हणाला, "पाऊस माझ्यावर पडतो, त्याच्यावर नाही."

आणि पेंटरचा पोरगा, तुम्ही म्हणालात म्हणून वर बघितलं. पन्हळ फुटलेली आहे. डाव्या खांद्याला पोपडे आलेत.

येत्या रविवारी जमेल त्यांनी सकाळी सातला माहीम पूर्वेच्या तिकीट खिडकीपाशी या. तिथून धारावीच्या कडेनं माटुंग्यापर्यंत चालू. नाखवीण, तुम्ही ससून डॉकला नेणार असाल तर पुढचा रविवार तुमचा.

नाखवीण

नेईन. पहाटे पाचला यावं लागेल, लिलाव बघायचा असेल तर. पिशवी आणा, म्हावरं घ्यायचं आहे सगळ्यांनी. रुमाल चालणार नाही.

शंकासुर

मी पिशवी आणतो. दोन.

पेंटरचा पोरगा

माहीमला येतो. बाबाही येतो म्हणतायत, पण त्यांना चित्रं बघायची नाहीत. माहीम बाजारात १९८८ मध्ये एका बेकरीचं शटर त्यांनी रंगवलं होतं, ते आहे का ते बघायचंय. रविवारी दुकान बंद असेल तर बरं. शटर उघडं असलं की दिसत नाही.